दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचा आकडा

सोम. ३ नोव्हें.
गायकवाड गुजरातहून परत आले. तेलक्षेत्रावर अकरा दिवस होते, प्रत्येक व्हॉल्व्ह, जोड, सीलला मीटरची नळी लावत. त्यांच्या आकड्यांवरून वर्षभरात किती गॅस गळून हवेत जातो, त्याचा अंदाज मी काढायचा. शीट बरीच साफ आहे. फक्त दोन नंबरच्या कॉम्प्रेसरची सील. मीटर शेवटच्या आकड्यावर जाऊन अडकला. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच. गायकवाड म्हणाले, "मॅडम, मीटर संपला, गळती नाही संपली."

गुरु. ६
अंदाज पूर्ण. त्या एका सीलमुळे एकूण आकडा गेल्या वेळच्या जवळजवळ दुप्पट. ऑफिसात सरांना स्क्रीनवर दाखवला. म्हणाले, "मेधा, हे क्लायंटला देता येणार नाही. मीटर बिघडलेला असणार." म्हटलं, निघण्याआधी कॅलिब्रेशन झालंय, नोंद मीच तपासलीय.
"मग परत तपास."
म्हणजे कळलंच काय ते.

सोम. १०
केलं. मोजलेला आकडा काढला, तिथे बाकीच्या सीलची सरासरी टाकली. तळटीप: उपकरणातील दोषामुळे रीडिंग ग्राह्य धरलेले नाही. खाली सही माझी. घोडबंदर रोडवर दीड तास अडकले. बाळकुमला घरी आल्यावर नितीनने विचारलं, काय झालं. डोकं दुखतंय म्हटलं.

बुध. १२
गायकवाडांना घरी बसवलं. कारण माझी तळटीप. चौदा वर्षं हेच काम करणारा माणूस, म्हणे मीटर नीट वापरता येत नाही. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
खोटं. आलं होतं, पण
त्यांचा फोन आला. दोनदा. घेतला नाही.

शनि. १५
विठ्ठलवाडीला त्यांच्या घरी गेलेले. जिन्यात थांबले, वाटलं परत फिरावं. वहिनींनी पोहे केले. बशी हातात घेऊनच सांगून टाकलं, ती टीप मी लिहिली. वहिनी उठून आत गेल्या. गायकवाड म्हणाले, "ते राहू द्या. सील बदलली का?"
नाही म्हटलं. रिपोर्टमध्ये गळतीच नाही, तर बदलणार कोण.
"त्या कॉम्प्रेसरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं ड्युटीला बसतात हो. आता थंडी पडली की दारं लावून घेतील."
एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोम. १७
तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना मेल. मूळ रीडिंग, कॅलिब्रेशनची नोंद, तळटीप खोटी आहे आणि ती मी लिहिली, सगळं. सरांना कॉपी.
सर ओरडले नाहीत. "उद्यापासून घरी थांब. कळवतो."
नितीनला आज सगळं सांगितलं. "आधी का नाही बोललीस?"

गुरु. २०
उत्तर आलं. एक ओळ. नोंद घेतली आहे, पुढील शटडाउनच्या वेळी पाहू. शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद, कधी ते नाही. परत लिहिलं, काही नाही. झोप नाही, जेवण जात नाही. डोळे मिटले की शेड, जी मी कधी पाहिलेलीही नाही. शेवटी गायकवाडांना फोन केला. ऐकून घेतलं. मग शेडमधल्या फोनचा नंबर दिला.

शुक्र. २१
सकाळपासून लावत होते. चौथ्यांदा उचलला. मागे मशीनची घरघर, माणूस ओरडून बोलत होता. हिंदीत सांगितलं, दो नंबर की सील लीक है, दरवाजे खुले रखिए, वहाँ मत बैठिए.
"रिपोर्ट तो आ गया मॅडम. सब ठीक लिखा है."
म्हटलं, वो रिपोर्ट मैंने लिखा है. गलत लिखा है.
मग कुणाला तरी गुजरातीत काहीतरी म्हणाला, मला कळलं नाही. रिसीव्हर खाली ठेवला असावा, नुसती घरघर येत राहिली. कुठेतरी पत्रा वाजला. दार उघडलं की लावलं, काय माहीत. मग कट.
परत लावतेय.