घोडी तयार नव्हती

काका, आज हुडकेश्वरला गेले होते. भाचीनं तिकडं फ्लॅट घेतला आहे, त्याची वास्तुशांत होती. जेवणं आटोपल्यावर जरा पाय मोकळे करून येते असं सांगून मी तुमचं घर शोधायला निघाले. सापडलं नाही. ज्या बाजूला तुमचं वावर होतं तिकडं आता दुकानांची रांग आहे आणि पुढं घरंच घरं. एका हार्डवेअरवाल्याला विचारलं, इथं घोड्यांना शिकवणारे एक काका राहायचे, ते घर कुठं होतं. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण त्याला काही माहीत नव्हतं. तो तेव्हा जन्मलाही नसेल. परत आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

नात्यानं तुम्ही माझे कोणीच नव्हता. मी पारशिवनीच्या पुढं एका खेड्यात नवी नवी नर्स म्हणून लागले होते. माझ्याकडं आजूबाजूची गावं होती आणि गावांच्या मधे नाले. मौद्याकडं आमची शेती. बाबा एकदा मला भेटायला आले आणि मी गुडघाभर चिखलातून पिशवी डोक्यावर घेऊन येताना त्यांनी पाहिलं. पुढच्या महिन्यात एक तांबडी घोडी घेऊन आले. नागपुरात ऑटोरिक्षा वाढत चालल्या होत्या, टांगेवाले एकेक करून घोडे विकत होते, त्यातलीच ही. बाबांना बैलांतलं सगळं कळायचं, घोड्यातलं काही नाही. घोडीच्या तोंडाचे दोन्ही कोपरे लोखंडी लगामानं फाटून, भरून, पुन्हा फाटलेले होते. ते आमच्या कोणाच्या लक्षातही आलं नाही. लगाम जरा ओढला की ती मान वर फेकून उधळायची, आणि पाणी दिसलं की मागच्या पायांवर उभी राहायची. दोनदा तिनं मला पाडलं. बाबा म्हणाले, विकून टाकू. मला मात्र ती हवी होती. कारण पायी जाऊन मी थकले होते, यापेक्षा मोठं कारण तेव्हा नव्हतं.

तुमच्याकडं येण्याआधी मी तिला दुसऱ्या एका माणसाकडं दिलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. टांगा स्टँडजवळ राहायचा तो. अडेल घोडे सरळ करून देतो असं म्हणायचा. थोड्या दिवसांनी पाहायला गेले तर घोडीचा पुढचा एक पाय दुमडून दोरीनं बांधलेला, समोर घमेल्यात पाणी, पण तिचं तोंड तिथवर पोचणार नाही इतकं लांब. हिची मस्ती उतरल्याशिवाय ही कामाची नाही, असं तो मला समजावत होता. त्याला त्यात काही वाईट वाटत नव्हतं. त्यालाही कोणी तसंच शिकवलं असणार. मी दोरी सोडली. घोडी घेऊन जाताना तिच्या खुराला नाल मारायला थांबले, तेव्हा नालबंदानं तुमचं नाव काढलं. म्हणाला, म्हातारा पोलिसांच्या घोडदळात होता, घेतली तर घेईल, नाहीतर हाकलून देईल. आणि ठेवलीच तर बाई, आधी तुमचाच पाणउतारा करील, तयारी ठेवून जा.

तसंच झालं. तुम्ही अंगणात बाजेवर बसला होता, पांढऱ्या मिशा, पायात जुने बूट, बुटांना लख्ख पॉलिश. मी घोडीच्या तक्रारी सांगत होते आणि तुम्ही तिच्याकडं पाहतच नव्हता, माझ्या मुठीकडं पाहत होता. माझं बोलणं संपल्यावर म्हणालात, "काहून वं पोरी, ती पळून राहिली का? मंग एवढी आवळून काहून धरली?" मी दोर सैल केला. घोडीनं मान खाली घातली आणि एक लांब श्वास सोडला. तुम्ही उठून आत गेलात आणि काकूंना म्हणालात की एक माणूस जेवायला वाढलं.

दर रविवारी मी एसटीनं नागपूरला यायचे आणि पुढं चालत तुमच्याकडं. सुरुवातीचे कितीतरी रविवार तुम्ही मला घोडीला हातसुद्धा लावू दिला नाही. बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात बसून राहायचं, ती चरायची, मी पाहायची. तिचा कान माझ्याकडं वळला की मी नजर काढून घ्यायची, ती एक पाऊल जवळ आली की मी एक पाऊल मागं सरायचं. मला हा वेळेचा नास वाटायचा. मग एका रविवारी ती आपणहून आली आणि माझ्या खांद्याशी नाक आणून उभी राहिली, तेव्हा मी हात उचलला तर तुम्ही लांबूनच मानेनं नाही म्हणालात. "तिनं विचारलं फक्त. तू लगेच पकडायले नको धावू."

लोखंडी लगाम तुम्ही काढूनच टाकला. तोंडात काही न घालता नुसती नाकावरून बांधायची, अशी सुताच्या दोरीची मोरकी वळलीत. मग मला अंगणात उभं केलंत, डोळे मिटायला लावलेत, दोरीचं एक टोक माझ्या दोन्ही हातांत दिलंत आणि दुसरं स्वतः धरलंत. म्हणालात, आता तू घोडी, मी स्वार. दोरी हलली की कुठं जायचं ते ओळख. आधी तुम्ही जोरात ओढलीत आणि मी धडपडले. मग इतकी हलकी हलवलीत की मला वाटलं वाराच आहे, तरी माझा पाय आपोआप उजवीकडं पडला, आणि त्याच क्षणी दोरी सैल झाली. ते सैल होणं इतकं बरं वाटलं, काका, की मी हसले. "ओढणं कोणालेही येते," तुम्ही म्हणालात. "सोडाचं कधी, ते शिक. जनावर सोडण्यातून शिकते." दुपारी स्वयंपाकघरात काकू ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी वाढायच्या, आणि तुम्ही हात धुवायला गेलात की हळू आवाजात बोलायच्या. त्यांनीच मला सांगितलं की पागेत तुमच्याइतका कडक हात कोणाचा नव्हता. एक काळा घोडा ऐकत नव्हता, तुम्ही त्याला लगाम ओढून ओढून उभा केलात, तो तोल जाऊन पाठीवर पडला आणि उठलाच नाही. साहेबानं गोळी घालेपर्यंत त्याचं डोकं तुम्ही मांडीवर धरून बसला होता. त्यानंतर तुम्ही बरेच महिने घोड्यावर बसला नाहीत, आणि जेव्हा बसलात तेव्हा नवशिक्यासारखे बसलात. काकू म्हणाल्या, लग्न झालं तेव्हाचा माणूस वेगळा होता. त्या तुमच्यासमोर हे कधी बोलल्या नाहीत, आणि मीही नाही.

पावसाळा तोंडावर आला आणि मला घाई झाली. घोडी आता माझ्याखाली चालत होती, दुडकी धावत होती, दोरीच्या एका बोटाएवढ्या खुणेवर थांबत होती. फक्त पाण्याजवळ अजून थरथरायची. मी म्हटलं, आता घेऊन जाते. तुम्ही नाही म्हणालात. मी म्हटलं, काका, तिकडं माझ्या बाया अडतात, रस्ते बंद झाले की मी पोचत नाही. तुम्ही घोडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. मग म्हणालात, "तर मंग पायी जा. घोडी तयार नाही. आता नेलीस तर पाण्यात तुलेही बुडवंल आणि स्वतःही." मी रागानं काकूंचा निरोपही न घेता निघाले.

पुढचं तुम्हाला मी थोडक्यातच सांगितलं होतं. नाल्यापलीकडच्या गावातून एका बाईचा दीर बोलवायला आला. पहिलटकरीण, बाळ झालं होतं, वार पडत नव्हती, रक्त थांबत नव्हतं. मी इंजेक्शनं घेऊन त्याच्याबरोबर निघाले. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, नाला मांडीच्या वर वाहत होता. आम्ही काठावर उभे राहिलो, पाणी उतरण्याची वाट पाहत. तो माझ्याकडं पाहायचा आणि मी पाण्याकडं. शेवटी त्याचा हात धरून उतरले, मधे पाय निसटला, पिशवी कशीबशी वर धरली. पोचले तेव्हा ती गेली होती. अंग अजून गरम होतं. बाळ सुपात कपड्यावर ठेवलेलं, चांगलं रडत होतं. सासूनं माझ्या ओल्या लुगड्याकडं पाहून एक कोरडं लुगडं आणून दिलं. ते मेलेल्या बाईचंच होतं.

मी तुमच्याकडं येणं बंद केलं. एक रविवार गेला, दुसरा गेला. नालबंदाकडून की आणखी कोणाकडून, तुम्हाला ते कळलं. आणि एका संध्याकाळी माझ्या उपकेंद्राच्या ओसरीसमोर तुम्ही उभे होता, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, हातात दोरी, मागं तांबडी. हुडकेश्वरहून नागपूर पार करून, वाटेत कुठल्याशा देवळात मुक्काम करून, तुम्ही चालत आला होता. तिच्यावर बसला का नाहीत असं मी विचारलं, तर म्हणालात, मोटारींचा आवाज होता, सोबतीनं चाललेलं बरं. मी चहा ठेवला. तुम्ही त्या बाईबद्दल विचारलंत, तिचं वय, बाळ कसं आहे, कोणाकडं आहे. मी सांगत गेले. तुम्ही कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "घोडी तयार नव्हती, ते अजूनही म्हणतो मी. पण मी तर तयार होतो ना. मी यायले पाहिजे होतं."

मला तुमच्यावर ओरडायचं होतं, कितीतरी दिवस मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी तिथंच राहिली.

तो अख्खा पावसाळा तुम्ही शाळेच्या पडवीत झोपलात. काकूंना निरोप धाडून घोंगडी आणि तंबाखू मागवलीत. बोलावणं आलं की मी घोडीवर आणि तुम्ही दोरी धरून पुढं, अंगावर पोत्याची खोळ. नाला आला की तुम्ही आधी उतरायचात, पाण्यात उभे राहायचात, तिच्याकडं पाठ करून. ओढायचं नाही, हाक मारायची नाही. ती थरथरायची, मागं सरायची, पुन्हा यायची. वर बसून मला घरात अडलेली बाई दिसायची आणि जीव वर यायचा. पण मी दोरी सैल ठेवली. मग तिचा एक खूर पाण्यात पडायचा. हळूहळू वाट पाहण्याचा वेळ कमी होत गेला. गावातले लोक आधी हसायचे, म्हातारा नर्सबाईची घोडी हाकतो म्हणून. नंतर हसायचे थांबले. पोळ्याच्या सुमाराला एके दिवशी तुम्ही काठावरच थांबलात, दोरी माझ्या हाती दिलीत आणि शर्टाच्या खिशातून तंबाखू काढायला लागलात, जणू त्याहून महत्त्वाचं काही काम नव्हतं. तांबडी सरळ पाण्यात उतरली. पलीकडं जाऊन मी मागं पाहिलं तर तुम्ही आमच्याकडं पाहत नव्हता, तळहातावर चुना मळत होता. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं तुम्ही गेलात.

तुम्ही मला घोडीबद्दलच शिकवलंत, बाळंतपणाचं तुम्हाला काय ठाऊक असणार. पण त्यानंतर माझे हात बदलले. आधी मी बाईवर ओरडायची, जोर लाव, जोर लाव, पोटावर दाब द्यायची, तेव्हा सगळ्या नर्स तसंच करायच्या. मग मी बसून राहायला लागले. हात ठेवायचा, तिचं अंग काय म्हणतंय ते पाहायचं, आणि ती सांगेपर्यंत काही मागायचं नाही. जिथं घाई खरंच हवी तिथं ती करायलाही त्यातूनच शिकले, कारण मग खरी घाई कोणती ते वेगळं दिसायला लागलं. गावातल्या सुइणी म्हणायच्या, बाई झोपली का? मी झोपलेली नसायची.

तुम्ही आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी घोडीवरूनच आले. वाटेत एक मुक्काम केला. तुम्ही त्याच बाजेवर, त्याच अंगणात, पण बूट कोपऱ्यात पडलेले आणि त्यांच्यावर धूळ. मी तांबडीला तुमच्या उशाशी आणलं. मला वाटलं होतं ती तुम्हाला ओळखेल. तिनं तुमचा हात हुंगला, आणि बाजेखालचं गवत खायला लागली. मला कसंतरी झालं. तुम्ही मात्र खूश झालात. म्हणालात, चांगलं झालं, म्हणजे माणसाचं भय नाही राहिलं तिले, आणि कौतुकही नाही. काकू आत चहाला गेल्या. तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं औषधाचं काही विचाराल.

"ती बाई," तुम्ही म्हणालात. "घोडी असती तर वाचली असती का?"

इतकी वर्षं तुम्ही ते मनात घेऊन होता, आणि मी समजत होते की आपलं ते पडवीत आणि पाण्यात मिटलं. मी नर्स होते. तुम्ही माझ्याकडं तसंच पाहत होता, जाणत्या माणसाकडं पाहावं तसं. मी म्हटलं, "नाही काका. रक्त फार गेलं होतं. मी उडत गेले असते तरी नाही." तुम्ही मान हलवलीत, डोळे मिटलेत. त्या महिन्यातच तुम्ही गेलात. तांबडी त्यानंतर पुष्कळ जगली, शेवटी बाबांच्या वावरात म्हातारी होऊन गेली. ते सुपातलं बाळ मोठं झालं, त्याच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं मीच केली.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, काका, आणि म्हणूनच लिहिते. त्या दिवशी मी तुम्हाला जे इतक्या ठामपणे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही.