आधी रांग, मग खुर्ची

३ नोव्हेंबर

मनी आज पुन्हा मला "थँक्यू" म्हणाली. काय, तर मी तिची चप्पल दारातून बाजूला ठेवली म्हणून! लग्नाला वर्ष झालं, पण हिची लेक अजून माझ्याशी पाहुण्याशी वागावं तशी वागते. मी खोलीत आलो की सोफ्यावरचे पाय खाली घेते. आईशी मात्र रोज कडाकडा भांडते — वेणीवरून, डब्यावरून, कशावरूनही. मी पेपरआडून ऐकत असतो. हेवा वाटतो, खरं सांगायचं तर.

ही म्हणते, "चांगली वागतेय ना? मग तुमचं दुखतंय कुठे?" दुखत नाही. पण चौदा वर्षांची पोर इतकी गुणी कुणाशी असते? परक्याशी. तिचे पप्पा ती तान्ही असतानाच गेले. त्यांची जागा मला नकोच आहे. पण घरातला म्हणून एखादी जागा असावी की नाही?

६ नोव्हेंबर

तापात मनीची शाळा बुडाली, आणि नेमके तेव्हाच वर्गात आलेख शिकवून झाले. ही म्हणाली, "यांना विचार, यांचं गणित पक्कं आहे." (ही अफवा लग्न जुळवताना माझ्या बहिणीने पसरवली.) मनी वही घेऊन आली. "तुम्हाला वेळ आहे का?" मला वेळ नसेल?

पुस्तक उघडलं आणि जीव भांड्यात पडला. चौकटींचा कागद, प्रत्येक ठिपक्याला दोन आकडे — हे तर आमचं नाट्यगृह! इतकी वर्षं डोअरकीपर म्हणून दुसरं काय करतोय? बॅटरी मारायची आणि माणूस त्याच्या जागेवर नेऊन बसवायचा. म्हटलं, कागदाच्या खालच्या कडेला रंगमंच आहे असं समज. (२, ५) म्हणजे दुसरी रांग, पाचवी खुर्ची. आधी रांगेपर्यंत वर चढायचं, मग आत सरकायचं. मनी हसली. चक्क हसली.

गणित होतं क्ष + य = ७. तिने (१, ६), (२, ५), (३, ४) असे तीन प्रेक्षक बसवले, पट्टी ठेवली, तर तिघेही एका रेषेत! पुस्तकामागच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं. चहा घेताना मी हिच्यासमोर जरा जास्तच बोललो.

८ नोव्हेंबर

क्ष + य = ४. क्ष + य = ९. सगळं बरोबर. शीळ घालत कामावर गेलो.

१३ नोव्हेंबर

चाचणीत आलेखाचा प्रश्न साफ चुकला. य = २क्ष + १ असं समीकरण होतं. मनीने (०, १), (१, ३), (२, ५) बरोबर काढले आणि सगळे उलटे बसवले. पहिला आकडा आडवा मोजायचा असतो, दुसरा उभा. आधी आत सरकायचं, मग वर चढायचं! माझ्या नाट्यगृहाच्या बरोबर उलट.

मग आधीची गणितं बरोबर कशी आली? मनीनेच शोधून काढलं. दोन आकड्यांची नुसती बेरीज असली की त्यांची अदलाबदल केली तरी ठिपका त्याच रेषेवर पडतो. तेवढ्यामुळे माझी झाकली मूठ राहिली होती.

"असू दे," ती म्हणाली, "तुम्ही मदत केलीत, तेच खूप." दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर

मनीने मला आलेख नीट शिकवला. शांतपणे, अदबीने, आणि समजलं का हे तीनदा विचारून.

परिणाम असा की संध्याकाळच्या प्रयोगाला सातव्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीचे आजोबा मी तिसऱ्या रांगेत सातव्या खुर्चीवर नेऊन बसवले. पुढची जागा मिळाली म्हणून आजोबा खूश. त्या खुर्चीच्या खऱ्या मालकीणबाई आल्यावर मॅनेजरने माझी हजेरी घेतली. हे मनीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तीच माफी मागत बसली असती.

१७ नोव्हेंबर

राहवलं नाही. घरी न सांगता शाळेत गेलो. वाटलं, गणिताच्या बाईंना सांगावं की चूक पोरीची नाही, माझी आहे. बाई वर्गावर होत्या. मी दारातूनच सांगून टाकलं — नाट्यगृह, रांग, खुर्ची, सगळं. वर्ग खदाखदा हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "मनी, तिकीट दाखव!"

बाई भल्या आहेत. म्हणाल्या, "मार्क काही वाढणार नाहीत, पण आलाच आहात तर बसा मागे, ऐका." मी शेवटच्या बाकावर गुडघे कोंबून तास संपेपर्यंत बसलो. मनीने एकदाही मान वर केली नाही.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आता ती माझ्याशी आणखी जपून वागेल. होतं तेवढंही घालवलं.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ

मनी आली. दप्तर माझ्या पायाशी आपटलं. "तुला कुणी सांगितलं होतं शाळेत यायला? जरा डोकं वापरत जा ना!" — आणि आतल्या खोलीचं दार धाडकन लावलं. हिने कपाळाला हात लावला. तेवढ्यात आतून आवाज आला:

"आई, बाबाला सांग, मी त्याच्याशी आठवडाभर बोलणार नाहीये!"