शालूनीनचा शोध

ती. आत्याबाईंना हिंगोलीहून सोमेश्वरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे मी आणि प्रयोगशाळेतला जुना फ्रीज, दोघेही ठीक आहोत. तुमची तब्येत कशी आहे? म्हैस कशी आहे? गालातली जखम कशी आहे? म्हशीचं उत्तर तुम्ही सविस्तर द्याल आणि जखमेचं देणार नाही, हे मला ठाऊक आहे. तीन महिने झाले. फोनवर तो विषय काढला की शिरड शहापूरची रेंज नेमकी तेव्हाच जाते, म्हणून हे पत्र. पत्राला रेंज लागत नाही, आणि वाचून दाखवायला घरात तुमची नात आहे. (प्रतिक्षा, कंसातलं आजीला वाचायचं नाही. तिखट खाताना ती अजून डोळे गच्च मिटते का, ते मला वेगळं कळव.)

आता माझ्या शास्त्राची हकीकत. औषधी झाडं आपल्या अंगात जी रसायनं बनवतात ती वेगळी काढून ओळखायची, हा माझा पीएचडीचा विषय. हे मी तुमच्या गावच्या पारावर समजावून सांगितलं तेव्हा संतरामकाका म्हणाले होते, "म्हंजे पाल्याचा काढाच करून राहिला ना तू? मंग त्याला पाच वर्षं काहून?" या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. चिघळलेल्या जखमेवरचा तुमचा पाला मी अभ्यासाला घेतला आणि तुमचे सगळे नियम मान्य केले. आदल्या संध्याकाळी बुंध्याशी हळदीचे तांदूळ ठेवून झाडाला आवतन द्यायचं ("आवतन दिलं की झाड न्हाई म्हणत न्हाई," हे तुमचंच), सकाळी मुक्यानं पाला आणायचा, कुणाला ओळखू येऊ नये म्हणून तळहातावर चुरूनच द्यायचा, आणि झाडाचं नाव मरतेवेळी एकाच्याच कानात सांगायचं. तो कान माझा ठरला याचा मला अभिमान आहे. पण प्रबंधात झाडाचं नाव लागतं. ते कधी मिळेल, असं आमचे मार्गदर्शक अमृतराव सर विचारतात. एकदा मी खरं ते सांगून टाकलं, की आत्या जातील तेव्हा. सर म्हणाले, "सहा महिन्यांची मुदतवाढ मिळू शकेल."

तर तुमची पुडी मी स्पिरिटात भिजवली, गाळली, आटवली, थेंबभर काचेच्या पट्टीवर चढवली आणि वरून ठरलेलं द्रावण फवारलं. लख्ख नारिंगी ठिपका उमटला! असा ठिपका म्हणजे अंगावर जोरात असर करणारं द्रव्य. तीनदा करून पाहिलं, तीनदा उमटला. तुमच्या शालू नावावरून मी त्याचं बारसंच करून टाकलं : शालूनीन. विभागात पेढे वाटले. चर्चासत्रात पडद्यावर तुमचा पदर घेतलेला फोटो लावून, हे द्रव्य हिंगोली जिल्ह्याने जगाला दिलं, असंही बोलून गेलो. (फोटो प्रतिक्षाने पाठवला होता. हेही वाचू नकोस.) लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या यंत्रावर तपासायला नमुना बाहेरगावी पाठवला होता, त्याचा अहवाल नवव्या दिवशी आला. या द्रव्याला नाव आधीच आहे, निकोटीन, आणि ते तंबाखूत सापडतं, एवढंच त्यात होतं.

सरांनी अहवाल दोनदा वाचला आणि फार हळू आवाजात विचारलं, "आत्याबाई तंबाखू खातात का?" मी म्हणालो, सर, नुसत्या खात नाहीत, मळतात. डाव्या तळहातावर, चुना लावून, दिवसातून दहा वेळा. आणि पाला चुरतात तोही त्याच तळहातावर. मागच्या महिन्यात तुमचा हात दुखत होता म्हणून दुसरी पुडी प्रतिक्षाने चुरली होती, ती तपासली. ठिपका नाही. शालूनीन पाल्यात नव्हतंच, ते तुमच्या हातात होतं. विभागात सगळे हसले, मीही हसलो. मग आठवलं, की पाल्याला शिवण्याआधी तुम्ही दोनदा राखेने हात धुता. दोनदा धुतलेल्या हातावर एवढं राहतं, तर ज्या गालात ती चिमूट दिवसभर बसते तिथे काय असेल? त्यानंतर मला हसता आलं नाही, आत्याबाई. मला भीती वाटली, ती अजून गेलेली नाही.

आणि त्या गालात तुम्ही आपलाच पाला धरून बसता म्हणे. दारी आलेल्या माणसाला तुम्हीच सांगता ना, "देणाऱ्याला आपलंच औषध लागू पडत न्हाई, बाबा"? बाकी क्षेम. संतरामकाकांना नमस्कार, म्हशीच्या पाठीवरून हात.

तुमचा,
सोमेश्वर

ता.क. : झाडाचं नाव काढून घ्यायला हे पत्र लिहिलं असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नाही. बुधवारी अकरा वाजता इथल्या तोंडाच्या डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावला आहे. ते जखमेचा बारीक तुकडा तपासायला घेतील. मी सात वाजता न्यायला येतो.

ता.क. दुसरा : पाकीट झटकलंत तर चार पिवळे तांदूळ पडतील. मंगळवारी संध्याकाळी ते तुमच्या उंबऱ्याशी ठेवायला प्रतिक्षाला सांगितलं आहे. आजवर एकाही झाडाने तुम्हाला नाही म्हटलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

ता.क. तिसरा : (प्रतिक्षा, हा कंस मोठ्याने वाच. सरांना म्हणालो, सहा महिने नकोत, वीस वर्षांची मुदतवाढ द्या. सर म्हणाले, तसा अर्जच नाही. म्हटलं, मग प्रबंध राहू द्या. आत्याबाई, ते नाव ऐकायची मला मुळीच घाई नाही.)