आमच्या खिळ्यांचं नुकसान

४ जानेवारी
खिळे कारखानदार संघाची मीटिंग. परदेशी पोलादी खिळे बाजारात इतके स्वस्त ओतलेत की तेवढ्या किमतीत आम्हाला नुसती तारही मिळत नाही. अँटिडम्पिंग ड्यूटी, म्हणजे अशा स्वस्त आयातीवरचा जादा कर, लागली तरच आपण जगू. त्यासाठी देशी उद्योगाचं नुकसान सिद्ध करावं लागतं. सरकारी अधिकारी नमुना म्हणून एक कारखाना बघणार. सर्वानुमते माझा निवडला. ऊर भरून आला. ही म्हणाली, सगळ्यात बुडालेला म्हणून निवडलाय, त्यात फुगण्यासारखं काय? दुर्लक्ष केलं.

१२ जानेवारी
संकल्प: त्या दिवशी चेहरा पडलेला ठेवायचा. आरशासमोर प्रॅक्टिस केली. छान जमतो. तीनपैकी दोन मशीन बंदच आहेत, म्हणजे वेगळी तयारी नको.

१९ जानेवारी
गेट गंजलेलं, म्हणून रंगवलं. नुकसान झालं म्हणून काय गबाळं राहायचं? मग त्यापुढे भिंती कळकट दिसायला लागल्या. त्याही रंगवल्या.

२५ जानेवारी
फोरमन विचारत होता, ड्यूटी नाही लागली तर आमचं काय? अख्खी हयात इथे गेली त्याची. म्हटलं, मी आहे ना.

२ फेब्रुवारी, सकाळ
आज तपासणी. बंद मशीन दाखवायची लाज वाटते. पाहुणे असेपर्यंत चालू ठेवू. शेजारून माणसं उसनी आणली. मेहुण्याने गोदाम भरेल एवढी खोकी पाठवली. रिकामी आहेत, पण बाहेरून कळत नाही.

संध्याकाळ
अधिकारी बाई होत्या. अबोल. आयातीचा त्रास होतो का, असं विचारलं. मी लगेच चेहरा पाडला. मग म्हणाल्या, काम जोरात दिसतंय. तोंडातून निघून गेलं की आमच्या खिळ्यापुढे परदेशी खिळा म्हणजे काडी, आम्हाला कुणी हलवू शकत नाही. बाईंनी सगळं लिहून घेतलं. इम्प्रेशन उत्तम. फोरमनने कपाळाला हात लावला. उकडत असावं.

२० मार्च
रिपोर्ट आला. देशी उद्योग भक्कम, नुकसान आढळत नाही, सबब ड्यूटी नाही. आमच्या कारखान्याचं मात्र दोन ओळी कौतुक आहे. संघातलं कुणी माझा फोन उचलत नाही. जळतात.

६ मे
मशीन भंगारवाल्याने नेली. तात्पुरतं बंद केलंय. फोरमनने किल्ली टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

७ मे
कौतुकाचं पान फ्रेम करून आणलं. हॉलमध्ये लावायला गेलो तर घरात खिळा नाही. जन्मभर खिळे केले आणि घरात एक नाही. हिने कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडी आणली. परदेशी. म्हटलं, भिंतीला टेकताच वाकेल.

एका ठोक्यात सरळ आत गेला. फ्रेम जराही हलत नाही.