रहाटवाल्यांच्या घरी ऑफिस

१२ जानेवारी, सोम.
दिवेआगर. ओटीवर आईचं शिवणयंत्र, त्यावर ऑफिसचा लॅपटॉप. व्हीपीएन बसवायला घेतलं आणि पहिल्याच घासाला खडा. 'प्रशासकाचा पासवर्ड द्या.' माझ्याकडे कुठला! मी साधी सूचीकार. ग्रंथालयाची सूची मुंबईच्या सर्व्हरवर, बाहेरून व्हीपीएनशिवाय दिसत नाही. संगणक विभागाच्या सावंतांना फोन लावला (विहिरीमागच्या दगडावर उभं राहिलं तरच रेंज). "मॅडम, मशीन घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटांसाठी अख्खा दिवस एसटीत!

संचालकबाईंनी तीन आठवडे दिलेत. शीर्षकपानांच्या फोटोंवरून तीनशे पुस्तकांच्या नोंदी इथून करून दाखवल्या तर पुढेही इथूनच काम करू द्यायचा विचार करतील. नाही जमलं तर अण्णांना, माझ्या वडिलांना, डोंबिवलीला माझ्या घरी न्यायचं. पाय मोडल्यापासून डॉक्टरांनी त्यांना एकटं राहायला मना केलंय. अण्णांनी बॅग भरून दाराशी ठेवलीसुद्धा. "शब्द दिलाय मी तुला. तुझं यंत्र नाही चाललं तर येईन." वादळानंतर लावलेल्या पोफळींना यंदा पहिली सुपारी धरलीय, आणि हा माणूस बॅग भरून बसलाय. मला त्या बॅगेकडे बघवत नाही.

१४ जाने., बुध.
तिळगूळ घेऊन कुंपणापलीकडे नजमाभाभीकडे. नवरा कुवेतला, रोज व्हिडिओवर बोलायचं म्हणून तिच्याकडे वायफाय दणकट. "घे की गो, पासवर्ड कसला विचारतेस!" म्हणत सांगितला. आपल्या ओटीपर्यंत येतो. चला, एक पासवर्ड तरी मिळाला.

दुपारी दगडावरून सावंतांनाही तोंडी तिळगूळ. सण म्हणून की काय, माणूस विरघळला. म्हणाले, आपल्याच व्हीपीएनला जोडणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो इन्स्टॉल करावाच लागत नाही. फोल्डर ठेवायचा नि चालवायचा. यंत्राच्या सेटिंगला हात लावत नाही, म्हणून पासवर्डही मागत नाही. "बाईंची लेखी परवानगी काढतो, मग देतो." आणि काढलीही! पण मेलने पाठवला तर मेल तो वाटेतच फेकून देतं. शेवटी पेनड्राइव्ह, कुरियरने.

डोंबिवलीला नवरा आणि लेक रोज पिठलं-भात. फोटो पाठवतात. पिठलं कोणतं आणि भात कोणता, कळत नाही.

१७ जाने., शनि.
कुरियर नाही. नजमाभाभीच्या वायफायवर बघितलं तर 'पत्त्यावर अशी व्यक्ती नाही.' डोकंच फिरलं. रिक्षा करून बोर्लीला गेले. कुरियरवाला पाकीट हातात ठेवत शांतपणे म्हणतो, "केशव बापट कोण, गावात कुणाला म्हायतच न्हाय. देवळापाशी विचारलं, दुकानात विचारलं, तुमच्या शेजारच्या बाईंना विचारलं."

शेजारच्या बाई म्हणजे नजमाभाभी! तीस वर्षं कुंपणाला कुंपण! जाब विचारायला गेले तर तोंडात पदर घालून हसतेय. "अल्ला कसम, मला वाटलं रहाटवाले हेच तुमचं आडनाव!" गावात शेवटपर्यंत रहाट आमच्याच विहिरीवर होता, तेव्हापासून अण्णा रहाटवाले. बापट फक्त रेशनकार्डावर.

अण्णांना सांगितलं. त्यांना आनंदच झाला. "मग त्यानं रहाटवाले विचारायचं होतं."

१८ जाने., रवि.
पेनड्राइव्ह लावला. फोल्डर उघडला. टिचकी. पासवर्ड मागितला नाही! काळ्या खिडकीत ओळी धावल्या आणि शेवटी: जोडले. मी इतक्या मोठ्याने ओरडले की अण्णा काठी टेकत धावत आले.

सावंतांच्या चिठ्ठीप्रमाणे: हा प्रोग्रॅम आपल्याच यंत्रात एक दार उघडतो, नंबर १०८०. ब्राउझरला तेवढं सांगायचं की ऑफिसला जायचं तर या दाराने जा. सांगितलं. सूचीचा पत्ता टाकला.

'या नावाचा सर्व्हर सापडत नाही.'

पुन्हा टाकला. चाळीस वेळा टाकला असेल. जोडलेलं आहे, दार उघडं आहे, मग सापडत नाही म्हणजे काय? रविवार, सावंत फोन उचलत नाहीत. आठवडा गेला, नोंदी शून्य. जेवताना अण्णा बॅगेतून पंचा काढायला उठले, म्हणजे वापरायचे कपडेसुद्धा त्यातच! मी रडले. उगाच आमटीला नावं ठेवली. आमटी चांगली होती.

१९ जाने., सोम.
सकाळी अण्णा पोफळींच्या वाडीला पाणी लावत होते, मी मागे मागे कुरकुरत. नेमकं काय म्हणतंय ते यंत्र, त्यांनी विचारलं. म्हटलं, ऑफिसच्या सर्व्हरचं नाव विचारलं की सापडत नाही म्हणतं.

"विचारतं कुणाला?"

"म्हणजे?"

"अगो, त्या कुरियरवाल्यानं केशव बापट गावात विचारलं. गावाला ते नाव ठाऊक नाही. तुझ्या ऑफिसातलं घरगुती नाव ऑफिसवाल्यांनाच विचारायला हवं ना? हे बाहेर कुणाला विचारत असेल तर जन्मात मिळायचं नाही."

मी चिखलात तशीच उभी. मग पळत ओटीवर. ब्राउझरच्या त्याच पानावर खाली एक बारीक चौकोन, रिकामा: नावंही याच दाराने विचार. टिचकी मारली.

सूची उघडली. अख्खी. माझ्या नावानिशी.

सावंतांना कळवलं. म्हणाले, "चिठ्ठीत तो चौकोन लिहायचा राहिला माझ्याकडून. कुणी शोधलं?" म्हटलं, आमचे वरिष्ठ सल्लागार, वय अठ्ठ्याहत्तर.

दिवसभरात एकोणीस नोंदी. पायाचा चिखल संध्याकाळी धुतला.

२४ जाने., शनि.
पुस्तकांच्या पाठीवरची लेबलं काढायचा जुना प्रोग्रॅम मात्र ढिम्म. तो ब्राउझरमध्ये चालत नाही, त्याला १०८० ठाऊकच नाही. सावंत: "त्याला पूर्ण व्हीपीएनच लागेल. म्हणजे प्रशासक. म्हणजे मशीन इकडे." बरं बाबा. लेबलांची यादी पाठवते, तुम्ही छापा. हो म्हणाले. एकूण १२७. उशीर भरून निघेल असं वाटतंय. बॅग दाराशीच.

३० जाने., शुक्र.
तीनशे चार!! शेवटची नोंद दुपारी. नजमाभाभीने खिमा-पाव पाठवला, अण्णांसाठी वेगळा बटाटावडा.

पण संध्याकाळी बाईंची मेल. काम छान. मात्र लेबलांचा प्रश्न आहेच, नेहमीकरिता परवानगी द्यायची तर समोर बसून बोलू, सोमवारी लॅपटॉप घेऊन या. 'छान' वाचून नाचले, 'मात्र' वाचून बसले. अण्णांना वाचून दाखवली. हं म्हणाले आणि काठी घेऊन वाडीत गेले.

१ फेब्रु., रवि.
सकाळची एसटी. नजमाभाभी आठवडाभर अण्णांकडे रात्री लेकीला झोपायला पाठवणार आहे.

पहाटे दाराशी बघते तर बॅग फुगलेली. म्हटलं, अण्णा, अजून काही ठरलेलं नाही, तुम्ही कुठे निघालात?

"मी कुठे निघालोय?"

चेन उघडली. धोतर नाही, पंचा नाही, दाढीचं सामान नाही. काठोकाठ सुपारी. पहिली, नव्या पोफळींची, सालासकट, नारिंगी. काल दिवसभर काठीला कोयती बांधून बसल्या बसल्या पाडत होते ते हेच.

"निम्मी त्या सावंताला दे, निम्मी तुझ्या बाईंना. सांग, वाळवून खा, घाई करू नका." मग एसटीचा हॉर्न आला तसं हळूच म्हणाले, "आणि बॅग रिकामी आण गो परत. इथे लागते."

बॅग मांडीवर घेऊन बसलेय. जड आहे. लिहिताना अक्षर हलतंय ते एसटीमुळे.