शेवटची खुंटी

१२ नोव्हेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बातमी कानावर आली असेल आणि तू हसलीही असशील. होय, मी नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा आहे. शिंप्यानं सुई सोडून नसत्या उठाठेवी कशाला, असं तुझी भावजयही म्हणते. पण तिथं कामं ओळखीनं होतात, हेच मला खुपतं. माझ्या दुकानात कसं, आधी आला त्याचं कापड पहिल्या खुंटीवर, नंतरच्याचं पुढच्या. तुझ्या चिमीच्या लग्नातसुद्धा तुझं कापड मधे घुसवलं नाही. किती दिवस अबोला धरला होतास. तसंच तिथं व्हावं, तक्रारी आल्या त्या क्रमानं भिंतीवर लागाव्यात, एवढंच माझं म्हणणं.

गोंधळ असा की घरोघर सगळे माना डोलावतात, नंबर म्हणजे नंबर म्हणतात, आणि निघताना कोपराला धरून बाजूला घेतात. निवडून आलात की आमचं तेवढं आधी बघा. समोरच्या बेकरीवाल्याला दिव्याचा खांब हवा, शेजारच्या मास्तरीणबाईंना नळ. यांना माझं पटलंय की नाही, कळेनासं झालंय. तू मोठी, तूच सांग.

लोभ असतोच तुझा; सध्या थोडा जास्त असू दे.
तुझा भाऊ

२० नोव्हेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

आधी हसले, मग काळजी वाटली. अरे, मतं पडेपर्यंत जिभेवर साखर ठेव. बघू म्हणायला काय जातं? पुढचं पुढे.

दुसरं म्हणजे, चिमीच्या दारापुढचं गटार पुन्हा तुंबलंय. तुझ्याच वॉर्डात राहते, बाळ रांगायला लागलंय. सख्खा मामा उभा आहे म्हणून पोर आशेवर आहे. तिचं आधी कर. तुझा नंबर लोकांसाठी, ती घरची.

पायपीट फार होते, गुडघे शेकत जा.
तुझ्यावर माया करून दमलेली,
अक्का

९ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी साखर टिकली नाही. शेवटच्या सभेत बोलून बसलो की कुणाचंच आधी होणार नाही, सख्ख्या भाचीचंही नाही. सगळे चहा प्यायले नि पांगले. मी आपला हरलो असं धरून मशीनला तेल घालत बसलो.

आणि आलो की निवडून. बेकरीवाला म्हणाला, मत तुम्हालाच दिलं; माझं काम मागे राहिलं तरी चालेल हो, पण मास्तरीणबाईंचं माझ्याआधी होणार नाही ना? मास्तरीणबाईही तेच म्हणाल्या, फक्त नाव बेकरीवाल्याचं. याला जिंकणं म्हणावं का, डोकं चालत नाही.

तक्रारी आता क्रमानं भिंतीवर लागतात. चिमीचं गटार बरंच खाली आहे. सभेपासून ती फिरकली नव्हती. काल आली. एरवी कापड माझ्या हातात देते आणि घाईचं आहे म्हणते. काल स्वतःच आत जाऊन बाळाच्या झबल्याचं कापड शेवटच्या खुंटीवर अडकवलं आणि निघून गेली. तो राग होता की समजूत, मला उलगडत नाही. तू तिची आई, तुला कळेल.

तिचा नंबर येईपर्यंत बाळ वाढलेलं असेल, म्हणून झबलं जरा सैलच बेततो.

रागावलीस तरी पत्र धाडावं, ही विनंती.
तुझा भाऊ