घोंगड्यात गुंडाळलेला दिवा

पौष, मंगळवार. दिवेलागण. मुक्काम सिंदफणेच्या काठी.

अंग लई आंबलंय. डॉक्टरसाहेबांची बदली गेवराईहून सिरसाळ्याला झाली, म्हणून त्यांची फटफटी बैलगाडीत घालून मी आणि गाडीवान मारुतीमामा निघालोत. वजन सगळं मागं, गाडी उलार, म्हंजे मागं कलंडायला बघायची, तेव्हा मामांनी मला पुढं जुवाजवळ बसवलं. "हालू नको बे, तूच गाडीचा धोंडा हाईस!" दोन दिवस धोंडा झालो. फटफटीचा दिवा शाबूत पोचला तर साहेब मला चालवायला शिकवणार होते. म्हणून माझं घोंगडं त्याला गुंडाळलं आन् मी थंडीत कुडकुडलो.

आज दुपारी माळावर माळढोक दिसला. त्याला बघायला मी कावून गाडीतून उडी मारली कुणास ठाऊक! जू वर उचललं गेलं, बैलांच्या गळ्याला फास बसला, फटफटी मागं घसरली. घोंगड्यात काच वाजली.

मामा म्हणाले, "बैल बुजले म्हणून सांग. ते काय बोलणार हायेत?"

बोलणार न्हाईत. पण दोन दिवस ओढलं त्यांनी. मला तर नुसतं बसायचं होतं.

घोंगडं अजून सोडलं न्हाई. उद्या साहेबांसमोर सोडीन, आणि उडी कुणी मारली तेही सांगीन.